भागाक्काची मुदत

भागाक्का स्वतःच्याच घरात शिरतानाही आधी दारात उभी राहून बोलायची. "आले गं बाई, आले," असं मोठ्यानं म्हणायची, जरा थांबायची आणि मग उंबरा ओलांडायची. घरात त्या वेळी कुणीही नसायचं. मी वाडीवर नवी होते तेव्हा मला वाटलं, हिची म्हातारी सासू वगैरे आत पडून असेल. एकदा विचारलं, तर म्हणाली, "आत काय असंल तर त्येला निघून जायला वाट दिली पायजे न्हवं, बाई? साप असंल, इंगळी असंल. त्येंला पण भ्या असतंय."

कुंभारवाडा गावाच्याही आत, कर्नाटकातल्या जोयड्याच्या रानात इकडे चार घरं तिकडे दोन घरं अशी ती वाडी. तिथल्या शाळेत माझी नेमणूक झाली आणि भागाक्काच्या घराला लागून असलेली खोली मला राहायला मिळाली. माझं माहेर खानापूरकडचं, त्यामुळं रान मला अगदीच अनोळखी नव्हतं. पण भागाक्काच्या शेजारी राहायला लागल्यावर मला पहिल्यांदा कळलं की रानात भिण्यासारखं किती काय काय आहे.

ती कशालाही भ्यायची. विहिरीच्या काठाला, विजेच्या तारेला, खाकी कपड्यातल्या कुठल्याही माणसाला, मग तो बसचा कंडक्टर का असेना. बसमध्ये ती ड्रायव्हरच्या बरोबर मागं बसायची आणि उतार आला की स्वतःचा पाय फळीवर दाबून धरायची. कुठं निघालात असं कुणी वाटेत विचारलं तर "हितंच" एवढंच सांगायची, मग ती जोयड्याला निघालेली असो नाहीतर पार बेळगावला. वाडीतल्या बायका तिला हसायच्या. तिला त्याचं काही वाटायचं नाही. "मी भ्याले म्हणून ऱ्हायले," म्हणायची.

ते बोलणं किती खरं, याचा अनुभव मला लवकरच आला. शाळा सुटल्यावर मी ओढ्याच्या वाटेनं फिरायला निघाले होते. भागाक्का भाताच्या खाचरात वाकलेली. तिथूनच ओरडली, "बाई, माघारी फिरा." का, म्हणून विचारलं तर म्हणाली, "माकडं गप हायत." मी जरा वैतागूनच परतले. दुसऱ्या दिवशी त्याच ओढ्याकाठी पानं गोळा करायला गेलेल्या माणसांना वारूळ फोडून अस्वल गेल्याच्या खुणा दिसल्या. माती अजून ओली होती. मी हे भागाक्काला सांगितलं, तेव्हा तिनं "बघा, सांगितलं हुतं" असं काही म्हटलं नाही. तिचा चेहराच उतरला. घडून न गेलेल्या गोष्टीलाही ती तितकीच भ्यायची.

नवरा तापानं गेला तेव्हा तिची मुलगी सुमन अगदी लहान होती. या एका मुलीला तिनं आपल्या सगळ्या भीतीसकट वाढवलं, आणि आश्चर्य म्हणजे सुमन अजिबात भित्री निघाली नाही. मोठी झाल्यावर ती कुळगीच्या बाजूला, पर्यटक उतरतात अशा एका ठिकाणी स्वयंपाकघरात कामाला लागली. आंबोळ्या ती अशा घालायची की पाहुणे आत येऊन बघायचे, असं भागाक्का सांगायची. सांगताना मात्र इकडं तिकडं बघायची, कुणाची दृष्ट लागेल म्हणून.

नवरात्रात, घट बसायच्या दिवशी सुमन घरी यायला निघाली. जोयड्याहून वाडीवर येणारी जीप होती गोविंदअण्णाची. बस दिवसातून एकदा, तीही आली तर. त्यामुळं बाळंतीण असो, तापाचा रोगी असो, की बाजारचं पोतं असो, सगळं त्या जीपमधूनच जायचं. माणूस तसा चांगला. अडल्यावेळी रात्रीअपरात्री उठून गाडी काढणारा. त्या दिवशी सणामुळं जीपमध्ये माणसं खच्चून भरलेली, मागं लटकलेलीही. उताराच्या वळणावर जीप कलंडली. बाकीच्यांना खरचटण्यावर निभावलं. सुमनचा उजवा हात खाली सापडला.

गोविंदअण्णानंच दुसरी गाडी बोलावून तिला मोठ्या दवाखान्यात नेलं. भागाक्का बरोबर होती. तिथं दारातच त्यानं तिला बाजूला घेतलं. पुढं तिनंच मला हे सांगितलं.

"अक्का, झाडावरनं पडली म्हणून सांग."

"अण्णा, मी कसं..."

"जीप म्हणालीस तर पोलीस येणार. आदी पंचनामा, मग उपचार. पोरगी तवर ऱ्हाईल का? आनी जीप त्येंनी धरून न्हेली तर वाडीला कोण? खर्चाचं मी बघतो. पोरगी माझ्या लेकीसारखी हाय."

उपचार थांबतील हे खरं नव्हतं. पण भागाक्काला ते कुठून माहीत असणार? डॉक्टरांनी विचारलं तेव्हा तिनं सांगितलं, जांभळीवरनं पडली. डॉक्टरांनी पुन्हा विचारलं. तिनं पुन्हा तेच सांगितलं. सुमन तेव्हा शुद्धीवर नव्हती. हात मनगटाच्या वरून काढावा लागला.

गोविंदअण्णानं दवाखान्याचा खर्च केला, शब्द पाळला. पण सुमन घरी आल्यावर पुढं काय, हे कुणीच बोलेना. ती ओसरीवर बसून असायची. डाव्या हातानं भाकरी थापायला जायची आणि पीठ तसंच टाकून उठायची. भागाक्कानं गोविंदअण्णाकडं एकदा विषय काढला, तर तो म्हणाला, "सुगी हुंदे." सुगी झाली. मग म्हणाला, "शिमगा हुंदे, बसून बोलू." तो टाळतोय हे आम्हाला दिसत होतं. पण त्या टाळण्यात भागाक्काच्या हातून काय निसटत चाललंय, हे आमच्यापैकी कुणालाच कळलं नव्हतं.

ते कळलं जोयड्याला. सुमनच्या अपंगत्वाच्या दाखल्यासाठी दोघी तालुक्याच्या कचेरीत गेल्या होत्या. तिथं त्या दिवशी कायद्याचा सल्ला फुकट देणारं शिबिर होतं आणि हल्याळच्या एक वकीलबाई टेबल टाकून बसल्या होत्या. त्यांनी सहज सुमनला विचारलं, हाताला काय झालं? भागाक्का "झाड" म्हणायच्या आत सुमन म्हणाली, "जीप उलटली."

"कधी?"

"घट बसले त्या दिवशी."

वकीलबाईंनी कॅलेंडर मागवलं. मग त्यांनी जे सांगितलं ते भागाक्कानं घरी येऊन मला शब्द न शब्द सांगितलं, कारण त्या शब्दांनी तिची झोप उडाली होती. गाडीच्या अपघातात जखमी झालेल्या माणसानं भरपाईचा अर्ज अपघातापासून सहा महिन्यांच्या आत कोर्टात द्यायचा. पूर्वी अशी मुदत नव्हती, आता कायदा बदललाय. उशीर झाला तर काय, यावर कोर्टाकोर्टांत वाद चाललाय, "पण तुझ्या लेकीचा हात त्या वादावर सोडून देऊ नकोस," वकीलबाई म्हणाल्या. आधी पोलिसांत तक्रार हवी. म्हणजे आधी खोटं सांगितलं होतं हे कबूल करायला हवं.

"मंजे मुदत गेली की हात गाडीखाली गेलाच न्हाई, असं हुतंय व्हय, बाई?" भागाक्कानं मला विचारलं.  मुदत सरायला तेव्हा काही आठवडेच उरले होते.

 वाडीत काही लपून राहत नाही. दोन दिवसांत गोविंदअण्णा संध्याकाळी भागाक्काच्या अंगणात येऊन बसला. आवाज चढवला नाही की शिवी दिली नाही. तसं केलं असतं तर बरं झालं असतं. मी माझ्या खोलीच्या दारात वह्या तपासत होते, मला सगळं ऐकू येत होतं.

"अक्का, पोलिसांला काय सांगणार तू? झाड मी न्हाई, तू सांगितलंस."

भागाक्का सुपातले तांदूळ निवडत राहिली.

"खोटं बोलणाऱ्याला पण आत घालत्यात. मग पोरीचं कोण बघंल?" तो हळूच म्हणाला. "माझी गाडी घरच्या वापराची हाय, भाड्याची न्हवं. विमावाले हात वर करतील. माझं घर जाईल. तुला बरं वाटंल काय?"

उठताना त्यानं सुमनच्या डोक्यावरून हात फिरवला. सुमन मागं सरकली.  तो गेल्यावर मी जवळ गेले तर भागाक्का म्हणाली, "तो रागावला असता तर मी भ्याले नसते एवढी."

दुसऱ्या दिवसापासून जीप तिच्यासाठी थांबेना. हात केला तरी सरळ पुढं जायची. पाणवठ्यावर ती आली की बायकांचं बोलणं थांबायचं. एका घरात सून दिवस भरत आलेली होती. तिची सासू भागाक्काला म्हणाली, "जीप बंद झाली आनी माझ्या सुनेला काय झालं, तर तुझ्या दारात आनून ठेवीन." घरी आल्यावर भागाक्काला जेवण जाईना. सुमन आईला म्हणाली, "अव्वा, सोड. मला न्हाई करायची केस."  भागाक्का म्हणाली, "मी कायम हाय व्हय तुला जेवायला घालायला?"

आठवड्याच्या बाजारादिवशी ती कुणाला न सांगता सुमनला घेऊन बसनं जोयड्याला गेली आणि पोलीस ठाण्यात शिरली. तिथं काय झालं ते सुमननं मला सांगितलं. भागाक्काला दारातली पायरी चढवेना. सुमननं डाव्या हातानं तिचा दंड धरला. आतल्या साहेबांनी सगळं ऐकून कानडीत विचारलं, "मग दवाखान्यात खोटं का सांगितलंस?"

"हेदरिके, साहेब," भागाक्का म्हणाली. भीती.

"आता नाही वाटत भीती?"

"आता जास्त वाटती," ती कानडीतच म्हणाली. "तवा माणसांची हुती. आता तारखेची हाय. माणसाच्या पाया पडता येतं."

 साहेबांनी शिपायाला कागद आणायला सांगितलं. दवाखान्यातल्या डॉक्टरांनीही पुढं लिहून दिलं की हाताच्या जखमेत रस्त्याची खडी आणि गाडीचं काळं तेल होतं, झाडावरून पडून तसं होत नाही. त्यांनी पहिल्या दिवशीच ते नोंदवून ठेवलं होतं. तक्रार लिहून घेतली गेली. भागाक्काला कुणी आत घातलं नाही. पण परत आली ती चालतानाही मागं वळून बघत होती. पुढं ती सवय तिला लागलीच.

पोलिसांचे कागद मिळता मिळता दिवस सरत गेले. वकीलबाईंनी अर्ज तयार केला आणि निरोप धाडला की दोघींनी हल्याळला येऊन सह्या करायच्या, आणि आता एक दिवसही पुढं ढकलायचा नाही, मधे सुट्ट्या आहेत. शाळेला उन्हाळ्याची सुट्टी लागली होती, मी माहेरी निघाले होते, म्हणून आम्ही तिघी बरोबर निघालो. सकाळची बस आलीच नाही. अलीकडे कुठंतरी बिघडून उभी आहे असं कळलं. कुंभारवाड्यापर्यंत चालत जायचं आणि तिथून पुढची गाडी गाठायची, एवढाच मार्ग उरला.

रस्ता सगळा रानातला. झाडांची पानं गळून खाली जाड थर झालेला, पाऊल टाकलं की कुरकुर आवाज. लांब कुठंतरी वणवा लागला असावा, हवेत धुराचा वास होता. भागाक्का मधे, सुमन आणि मी दोन्ही बाजूंना. वाडी मागं पडली आणि मागून जीपचा आवाज आला.

आवाज ओळखीचा होता. भागाक्कानं सुमनला ओढून रस्त्याच्या कडेला घेतलं आणि स्वतः तिच्या पुढं उभी राहिली. जीप आमच्याजवळ येऊन थांबली. आत गोविंदअण्णा एकटाच.

"बसा," तो म्हणाला.

कुणी हललं नाही.

"हल्याळलाच चाललाय न्हवं? बसा. जोयड्यापातूर सोडतो."

मी भागाक्काकडं बघितलं.  तो खरंच सोडेल, की वाटेत गाडी बिघडली म्हणून दिवस घालवेल, की आणखी काही? त्याच्या चेहऱ्यावरून मलाही काही कळेना. त्याची दाढी वाढली होती, डोळे लाल होते. तोही बरेच दिवस झोपला नसावा.

"न्हाई, अण्णा," भागाक्का म्हणाली. "आमी चालतो."

"ऊन हाय."

"असूंदे."

आम्ही चालायला लागलो. मला वाटलं, तो पुढं निघून जाईल. पण जीप मागून हळूहळू यायला लागली. आम्ही चाललो की ती चालायची, आम्ही थांबलो की ती थांबायची. इंजिनाची घरघर सतत पाठीवर. सुमन एकदा मागं वळून म्हणाली, "अण्णा, पुढं जावा की." जीप तशीच मागं येत राहिली. भागाक्कानं तिचा हात घट्ट धरला आणि पुटपुटली, "बगू नको. पळू पन नको." तिच्या पाठीवरचं पोलकं घामानं भिजलं होतं. उतारावर तर माझ्या मनात नको नको ते आलं. एक जरा जोराचा धक्का, आणि पुढं सगळं अपघातच ठरलं असतं.

कुंभारवाड्याची घरं दिसायला लागली तेव्हा जीप आमच्या बाजूनं पुढं गेली आणि धुळीत दिसेनाशी झाली. भागाक्का रस्त्यातच खाली बसली आणि तिला ओकारी झाली.

हल्याळला पोचायला दुपार टळून गेली. वकीलबाई कोर्टाच्या फाटकात उभ्या होत्या. त्यांनी उशिराबद्दल एक शब्द काढला नाही, घाईनं आत नेलं. सुमननं डाव्या हातानं सही केली. अक्षरं लहान मुलासारखी वाकडीतिकडी आली. अर्ज दाखल झाला, शिक्का पडला. भागाक्का सगळा वेळ त्या शिक्का मारणाऱ्या हाताकडं बघत होती. बाहेर आल्यावर तिनं विचारलं, "गेली न्हाई न्हवं मुदत?"

"नाही गेली," वकीलबाई म्हणाल्या.

भागाक्का हसली नाही की रडली नाही. व्हरांड्यातल्या खांबाला टेकून ती तशीच झोपी गेली. कितीतरी दिवसांत ती झोपली नव्हती.

केस पुढं दीड-दोन वर्षं चालली. तारखेच्या दिवशी भागाक्का आणि गोविंदअण्णा दोघं एकाच बसनं हल्याळला जायचे, ती पुढं, तो मागं. साक्षीच्या वेळी वकीलबाईंनी गोविंदअण्णाला त्या दिवशीच्या जीपबद्दलही विचारलं. बायकांना घाबरवायला मागं मागं गेलात ना? तो म्हणाला, "त्या बाजूला गव्यांचा कळप उतरला हुता. पोरीचा एकच हात. म्हनून मागं ऱ्हायलो." कोर्टात त्याचा काही उपयोग नव्हता. पण भागाक्काला ते फार लागलं. "खरं असंल काय, बाई?" तिनं मला विचारलं. गवे त्या दिवसांत खरोखरच त्या बाजूला होते. आणि त्याला आम्हाला घाबरवायचं असेल, हेही तितकंच खरं असू शकत होतं. कदाचित दोन्ही. मी म्हटलं, "मला नाही सांगता यायचं." ती म्हणाली, "मला पन."

निकाल सुमनच्या बाजूनं लागला. विमा कंपनीनं आधी भरपाई द्यायची आणि मग ती गोविंदअण्णाकडून वसूल करायची, कारण घरच्या वापराच्या गाडीत त्यानं भाड्यानं माणसं भरली होती. सुमन तोवर डाव्या हातानं लिहायला, चिरायला, फोडणी घालायला शिकली होती. ती कुळगीला परत गेली. आता ती चुलीपाशी उभी राहून दुसऱ्यांकडून रांधून घेते, असं कळलं. घरी भागाक्का एकटी राहिली. गोविंदअण्णाच्या घरी वसुलीची नोटीस आली त्या दिवसापासून ती ओसरीवर वाटेकडं तोंड करून बसायची. "तो कायतरी करंल," म्हणायची. लगेच पुन्हा म्हणायची, "त्याच्या बायकोपोरांचं काय हुईल?" आपल्याला त्याची भीती जास्त वाटते की त्याच्यासाठी, हे तिचं तिलाच कळेना.

त्याच सुमारास माझी बदली रामनगरला झाली. निघायच्या सकाळी सामान टेम्पोत चढवलं आणि तिचा निरोप घ्यायला अंगणात गेले. तिनं माझ्या पिशवीत कोकमं भरून दिली. आम्ही बोलत होतो तेवढ्यात तिची नजर माझ्या खांद्यावरून पलीकडं गेली. मी वळून बघितलं. गोविंदअण्णाची बायको चढणीवरून खाली, या घराच्या रोखानं येत होती. एकटी. डोक्यावरचा पदर घट्ट धरलेला. केस सुरू झाल्यापासून तिनं या अंगणात पाऊल टाकलेलं नव्हतं.

"मी थांबू का, भागाक्का?" मी विचारलं.

"नगं. तुमी जावा बाई, उशीर हुईल," ती म्हणाली. 

मी टेम्पोत बसले. गाडी निघताना काचेतून मला दिसत होतं. भागाक्का आत गेली आणि चटई घेऊन बाहेर आली. तिनं ती अंगणात टाकली, पण चटईचं एक टोक दुमडलेलंच राहिलं. ती बाई येऊन चटईच्या पलीकडं उभी राहिली. भागाक्का अलीकडं. बसली कुणीच नाही, आणि मला दिसलं तोवर बोललंही कुणी नाही. मग वळण आलं.